‘तेवढं तूच बघ’ म्हणणाऱ्या साहेबांना काय सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. विभागात चौघं होती. दोघं सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. माल जाण्यापूर्वीची तपासणी म्हणजे पीडीआय, ग्राहकांच्या तक्रारी, नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या म्हणजे पीपॅपच्या फायली, मोजायच्या साधनांचं म्हणजे गेजचं कॅलिब्रेशन, कास्टिंग पुरवणाऱ्या फौंड्रीवाल्यांकडच्या फेऱ्या, हे सगळं आता त्या आणि एक ज्युनियर पोरगा बघतात. सहाची सुट्टी आठला होते. त्यात परवा साहेब म्हणाले, दीड महिन्यावर आयएटीएफचं, म्हणजे वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, ऑडिट आलंय, “तेवढी तयारी तूच बघ, दुसऱ्या कुणाला जमायची नाही.” नोकरी मामांच्या ओळखीनं लागलेली, मामा आणि साहेब एकाच तालमीतले. नाही म्हटलं तर कामचुकार ठरेन आणि हो म्हटलं तर झेपणार नाही, मग करू काय, असं त्या विचारतात.

ताई, मी आधी शिरोलीच्या आणि मग गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीसेक वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग बघितलं. प्लॅनिंगवाल्याचं निम्मं काम नाही म्हणण्याचंच असतं. मार्केटिंगचा माणूस ऑर्डर घेऊन येतो, मालकांनी परस्पर तारीख कबूल केलेली असते, आणि ती तारीख बसत नाही हे सांगायची पाळी आपल्यावर येते. तेव्हा या विषयात थोडंफार बोलायचा अधिकार मला आहे असं समजा.

कारखान्यात एक गोष्ट मी कायम बघितली. व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंगच्या मशीनवर, कुणी रागावत नाही. तिचा भाराचा तक्ता भिंतीवर असतो, पंचवीस तारखेपर्यंत मशीन भरलेलं आहे हे कुणालाही दिसतं, आणि त्यावर चर्चा होते ती एवढीच की कुठला जॉब उतरवायचा, बाहेर कुणाकडून करून घ्यायचा की रात्रपाळी लावायची. मशीनला कुणी कामचुकार म्हणत नाही. माणसाचा असा तक्ता नसतो. साहेबांना तुमचं टेबल दिसतं, त्यावरच्या फायली दिसत नाहीत. शिवाय गेले सहा महिने तुम्ही सगळं ओढून नेलंय, म्हणजे त्यांच्या हिशेबात दोन माणसं गेली तरी विभाग चालला. जागा भरायची घाई त्यांना का वाटावी?

म्हणून बोलायच्या आधी तक्ता. एक आठवडा वहीत लिहून काढा, किती वेळ कशात गेला. अंदाजानं नको, रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून. तुमच्या प्रश्नावरून मी ढोबळ मांडून बघितलं. आठवड्याचे ४८ तास. त्यातून चहा-जेवणाचे ३ गेले, सकाळच्या मीटिंगचे ३ गेले. लाइनवरून हाका येतात, “मॅडम, बोअर मोठं वाटतंय, जरा बघा की,” त्यात ८ तरी जातात, आणि ते जायलाच हवेत. उरले ३४. आता कामं बघा, ज्युनियर करतो ती वगळून: पीडीआय १२, तक्रारी आणि त्यांच्या कारण-उपायांचे ८डी रिपोर्ट १०, पीपॅप ९, गेज ३, पुरवठादारांकडच्या फेऱ्या ५. बेरीज ३९. ऑडिटचं नाव काढायच्या आधीच तुम्ही ५ तास उणे आहात, आणि आठची सुट्टी होते ती याच पाचांमुळं आणि त्यांच्या मागं वाढत जाणाऱ्या गोंधळामुळं. तुमचे आकडे वेगळे येतील. पण आकडे हातात असले की “फार काम आहे हो” हे वाक्य बोलायची गरजच पडत नाही.

त्या वाढत जाणाऱ्या गोंधळाबद्दल जरा सांगतो, कारण भल्याभल्या मॅनेजरना हे माहीत नसतं. पूर्ण भरलेला माणूस म्हणजे चांगला वापरलेला माणूस अशी समजूत असते. प्लॅनिंगमध्ये रांगेचं एक साधं गणित आहे. कामं ठरल्या वेळी न येता कशीही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर ८० टक्के भरलेल्या मशीनपुढं आलेल्या जॉबला सरासरी, तो जॉब करायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ नुसतं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. भार ८० वरून ९५ टक्क्यांवर जातो आणि थांबणं चौपटीवरून एकोणीसपटीवर जातं. तुमचं काम नेमकं याच जातीचं आहे. ग्राहकाची तक्रार वेळ ठरवून येत नाही. ती शुक्रवारी दुपारी चारला, ट्रक भरत असतानाच येते.

दुसरा हिशेब याहून सोपा आहे. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकानं १९६१ साली तो सिद्ध केला, पण तो आपल्या गुऱ्हाळावरच्या माणसालाही कळतो. टेबलावर किती कामं उघडी पडलीत ते मोजा आणि आठवड्याला किती बंद होतात त्यानं भागा. समजा १८ उघडी आहेत आणि आठवड्याला ३ निघतात. म्हणजे आज आलेलं काम रांगेनं घेतलं तर सहा आठवड्यांनी हातावेगळं होणार. तुमचं ऑडिट बरोबर सहा आठवड्यांवर आहे. हे वाक्य साहेबांपुढं जसंच्या तसं बोलता येईल.

आता ऑडिटकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातली खरी मेख तिथं आहे. “तयारी तूच बघ” ही मागणी मुळात त्या मानकातच बसत नाही. आयएटीएफ १६९४९ मध्ये प्रत्येक प्रक्रियेचा मालक व्यवस्थापनानं ठरवून द्यायचा असतो. खरेदीची प्रक्रिया खरेदीवाल्याची, मेंटेनन्सची मेंटेनन्सवाल्याची, प्रशिक्षणाच्या नोंदी एचआरच्या. अंतर्गत ऑडिटही निःपक्षपाती हवं, म्हणजे आपल्याच कामाचं ऑडिट आपणच करून चालत नाही. ऑडिटर येतो तो मेंटेनन्सच्या माणसासमोर उभा राहून विचारतो, या मशीनचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स कधी झालं, दाखवा. त्या वेळी त्यानं “ते क्वालिटीच्या मॅडमना विचारा” म्हटलं की ऑडिटरची पेन्सिल चाललीच. तुम्ही एकटीनं रात्री जागून सगळ्या विभागांच्या फायली सुंदर केल्यात तरी उत्तरं द्यायची वेळ येईल ती ज्यांनी त्या उघडलेल्याच नाहीत त्यांच्यावर. आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत ऑडिट म्हणजे क्वालिटीचं लग्न आणि बाकीचे सगळे वऱ्हाडी, अशी रीत पडलीय. ती मोडायला तुमच्याकडे मानकाचाच आधार आहे, आणि तो साहेबांच्याही फायद्याचा आहे.

तेव्हा ऑडिटला सरळ नाही म्हणू नका. दोन भाग करा. एक, क्वालिटीचं स्वतःचं काम: कंट्रोल प्लॅन, मापनपद्धतीचे अभ्यास, तक्रारींच्या नोंदी. ते तुमचंच आहे, त्याला नाही म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये. दोन, बाकीच्या विभागांचं. त्याचा फक्त समन्वय तुम्ही घ्या: यादी करायची, आठवड्यातून एकदा सगळ्यांना बसवायचं, काय राहिलं ते फळ्यावर लिहायचं. त्यांच्या फायली मात्र तुम्ही भरायच्या नाहीत. दोन्ही मिळून आठवड्याला ५ तासांत बसतं असं धरू.

मग तक्ता असा फिरतो. पीडीआयमधली जुनी, रोजची पार्टं ज्युनियरकडं, म्हणजे तुमचे ७ तास सुटले. त्याच्याकडची चलनं लावायची कामं डिस्पॅचच्या माणसाकडं. फौंड्रीतल्या नेहमीच्या फेऱ्या खरेदीवाल्यांनी माराव्यात, ब्लो होल नाहीतर श्रिंकेज अशा कास्टिंगच्या दोषानं लॉट परत आला तरच तुम्ही जायचं: ३ तास सुटले. पीपॅपच्या एका पार्टची तारीख ग्राहकाशी बोलून ऑडिटनंतर ढकलायची: ४ तास. ३९ मधून १४ गेले, २५ राहिले, ऑडिटचे ५ मिळवून ३०. हातात ३४. तरी ८८ टक्के भार होतोच, पण दीड महिना निभेल.

हे साहेबांपुढं ठेवायचं कसं? आपल्या भागातले बरेच मालक आणि प्लांट हेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून वर आलेत, नाहीतर तसल्या माणसांच्या हाताखाली शिकलेत. त्यांनी सोळा-सोळा तास मशीन चालवलंय. त्यांना “मला झेपत नाही” म्हटलं की त्यांच्या डोक्यात त्यांचीच तरुणपणातली रात्रपाळी येते आणि तुम्ही तिथंच हरता. थकव्याची भाषा त्यांच्यापाशी चालत नाही. डिस्पॅचची चालते. “मी दमते” पेक्षा “अमुक पार्टचं पीपॅप पाच तारखेला जाणार नाही” हे त्यांना झटकन कळतं, कारण त्या पार्टमागं इन्व्हॉइस दिसतं.

वेळही बघा. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हा विषय काढू नका, तिथं त्यांना मागं सरता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माल काढायची मारामारी असते, तेव्हा कुणाचंच डोकं जागेवर नसतं. महिन्याची पहिली तीनचार तारीख, दुपारचा ट्रक गेल्यावर, चहाच्या वेळेला. पुण्याचा ग्राहक त्या दिवशी आलेला नसावा एवढं बघून घ्या.

आणि ते काम सांगतात त्या क्षणी काय करायचं हेही ठरवून ठेवा, कारण आपल्या तोंडातून “करते की सर” हे विचार करायच्या आत बाहेर पडतं. त्या जागी एक ठरलेलं वाक्य ठेवा: “सर, वही बघून उद्या दहाला सांगते.” यात नकार नाही, होकार नाही, आणि दुसऱ्या दिवशी दहाला तुम्ही खरंच गेलात की पुढच्या वेळी ते वाक्य ऐकून घेतलं जातं. गेला नाहीत तर ती पळवाट ठरते.

बोलणं साधारण असं होईल:

“सर, ऑडिटचं बघितलं. माझं आणि समन्वयाचं मी घेते. बाकीच्या विभागांचं त्या त्या माणसानं करायला पाहिजे, नाहीतर ऑडिटर त्यांनाच विचारेल तेव्हा अडकू.”

“अगं, ती पोरं करतात होय? तूच कर, तुला सगळं माहीत आहे.”

“करतील सर, तुम्ही सोमवारी मीटिंगमध्ये नावं वाचली की करतील. मी यादी केलीय, ही बघा. आणि माझे आठवड्याचे तास असे भरलेत. यातलं हे तीन बाजूला काढलं तर ऑडिट बसतंय.”

“पीपॅप लांबवायचं नाही.”

“चालेल. मग फौंड्रीच्या फेऱ्यांबरोबर पीडीआयचं सगळंच ज्युनियरकडं देऊन तुम्ही लाइन इन्स्पेक्टर दुपारनंतर त्याच्या मदतीला द्या. दोन्हीतलं कुठलं करायचं सांगा.”

इथं लक्षात घ्या, त्यांनी एक दार बंद केलं तेव्हा तुमच्याकडं दुसरं तयार होतं. हात हलवत गेलात तर पहिल्या “नाही”वरच मीटिंग संपेल. उपाय तुम्हीच नेला पाहिजे. विभागात कुठलं काम कुणाला देता येईल हे साहेबांना तुमच्याइतकं माहीत नसतं, आणि त्यांना विचार करायला लावलात तर सगळ्यांत सोपा विचार एकच सुचतो, तो म्हणजे तुम्ही.

एवढं करूनही ते म्हणाले, “मला काही सांगू नको, सगळं तूच कर,” तर? वाद घालू नका. त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: सर, आज ठरल्याप्रमाणे ऑडिटची पूर्ण तयारी मी बघते. त्यासाठी पुढचे सहा आठवडे अमुक पार्टचं पीपॅप आणि पुरवठादारांच्या फेऱ्या मागं राहतील. वेगळा क्रम हवा असल्यास उद्यापर्यंत सांगावं. बस. त्यात तक्रारीचा सूर नको, आणि कुणाला सीसी टाकून शहाणपणा नको. मग जे मागं राहील असं लिहिलंय ते खरंच मागं राहू द्या. इथं बहुतेक प्रामाणिक माणसं घसरतात. मेल टाकतात, आणि रात्री नऊपर्यंत बसून तेही करून ठेवतात. मग त्या मेलला काही अर्थ उरत नाही, आणि पुढच्या वेळी तुमचा तक्ता कुणी बघत नाही. उशीर होणार आहे हे मात्र तारखेच्या आठ दिवस आधी सांगा, तारखेच्या दिवशी नको.

एका ठिकाणी मात्र वाटाघाटच नको. पीडीआयचा रिपोर्ट.

क्वालिटीतला माणूस जादा कामाखाली दबला की पहिली काटछाट कुठं होते हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. तो काम सोडत नाही, मोजणं सोडतो. पाच नग ग्रॅनाइटच्या टेबलावर घेऊन मोजायचे असतात. ट्रक दारात हॉर्न मारत असतो. दोन मोजले जातात आणि तीन रकाने खुर्चीत बसून भरले जातात. बोअर ३२.०१२, ३२.०१३, ३२.०१२. असले रिपोर्ट ओळखायला फार हुशारी लागत नाही. सगळी रीडिंग सहनमर्यादेच्या बरोबर मध्ये, एकाच पेननं एका दमात लिहिलेली, खाडाखोड नाही, आणि कागद कोरा करकरीत. खऱ्या रिपोर्टवर कूलंटचा बोटाचा डाग असतो. ग्राहकाकडचा जुना माणूस पान उलटतानाच हसतो. पण तो नाही हसला तर काय, हा प्रश्न जास्त वाईट आहे. आपल्याकडचं कास्टिंग ब्रेकमध्ये जातं, स्टिअरिंगमध्ये जातं, ट्रॅक्टरच्या हाउसिंगमध्ये जातं. सही तुमची असते. साहेब “जाऊ दे माल, बघून घेऊ” हे तोंडी म्हणतात, तसं लिहून कुणी देत नाही.

तेव्हा तिथं सरळ: “सर, न मोजलेल्यावर मी सही करत नाही. पाच नग मोजायला मला चाळीस मिनिटं लागतात, ट्रक थांबवा. नाहीतर ग्राहकाची लेखी सवलत मागा.” ग्राहकाकडून डेव्हिएशनची परवानगी घेऊन माल पाठवायची रीत आहे, ती यासाठीच आहे. आवाज चढवायचा नाही, पण तसूभर हलायचंही नाही. गंमत म्हणजे या एका नकारानं माणसाची किंमत वाढते. इथं ठाम राहणाऱ्या पोरींना मालक मनातून मानतात, तोंडानं कितीही बडबडले तरी.

उलट काही वेळा नाही म्हणायचंच नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पलीकडची माणसं पलीकडं, अलीकडची अलीकडं. जे कारखान्यात पोचू शकले त्यांनी जे दिसेल ते केलं, स्टोअरच्या माणसानं डिस्पॅच बघितलं, प्लॅनिंगवाल्यांनी गेट बघितलं. त्या दिवसांत कुणी आपलं कामाचं वर्णन काढून दाखवलं असतं तर ते त्याला जन्मभर ऐकावं लागलं असतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला मोल्डिंगची अर्धी लाइन डोंगरावर असते, तेव्हाही चार दिवस इकडचं तिकडं चालतंच.

पण त्याच पुरातलं एक शेपूट सांगतो. स्टोअरचा तो माणूस, मनानं चांगला, पाणी ओसरल्यावरही डिस्पॅच बघतच राहिला. कुणी काढून घेतलं नाही, त्यानंही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत ते त्याचंच काम झालं होतं, आणि वार्षिक साठामोजणीत स्टोअरचा हिशेब जुळला नाही तेव्हा बोलणी त्यालाच बसली. “तात्पुरतं” म्हणून घेतलेल्या कामाला घेतानाच तारीख लावायची. “सर, दसऱ्यापर्यंत बघतो, दसऱ्यानंतर कुणाकडं द्यायचं?” एवढं त्यानं पाणी ओसरल्याच्या दिवशी विचारलं असतं तर भागलं असतं.

साखर कारखान्यात नोकरी करणारे माझे पाहुणे आहेत, त्यांच्याकडं हे नीट कळतं. गळीत हंगाम सुरू झाला की शेती खात्याला आणि अकाउंटला रजा विसरावी लागते. ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचं कायद्याचं बंधन आहे, तिथं कोण काय नाही म्हणणार? पण पट्टा पडतो, हंगाम संपतो, आणि मग माणसं घराकडं बघतात. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरच्या कारकुनालाही जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, चुकत नाहीत, पण २१ ला तो जरा सैल असतो. ताई, तुमच्या ओझ्याला अशी शेवटची तारीख आहे का, हे स्वतःला विचारा. ऑडिटला आहे. दोन रिकाम्या जागांना नाही. म्हणून दीड महिन्याचं एक बोलणं आणि जागा भरायचं दुसरं, ही दोन वेगळी करा. ऑडिट होऊन आठवडा गेला की दुसरं बोलणं काढा, तेव्हा तुमचं पारडं जड असेल.

मामांचं आता. भीड असणं स्वाभाविक आहे, आपल्याकडं निम्म्या नोकऱ्या शब्दावर लागतात. पण मामांनी शब्द टाकला तो तुम्हाला आत घ्यायला. तुम्ही इतकी वर्षं चोख काम केलंत तेव्हाच मामांचा शब्द राखला गेला. आता त्यांना मध्ये घालू नका, कुठल्याही बाजूनं. मामांकरवी साहेबांना सांगायला लावलंत तर कारखान्यातला विषय तालमीच्या कट्ट्यावर जातो आणि तिथं तो “पोरगी कुरकुर करतीय” एवढाच उरतो. साहेबच मामांकडं काही बोलले तर मामांना इतकंच सांगा की ऑफिसमधलं मी आणि साहेब बघतो, तुम्ही काळजी करू नका. घरातनं “सोस जरा, नवीन कुठं मिळतीय” असं ऐकावं लागेल. ऐका आणि सोडून द्या.

बरोबरीच्या लोकांची “दोन मिनिटांची” कामं हा वेगळा छळ आहे, पण त्याला उपाय सोपा: “आत्ता नाही, साडेतीनला आण.” निम्मे लोक साडेतीनला येतच नाहीत.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची २०२० ची संहिता लागू झाली, तिच्यातही दुप्पट दर आहे आणि जादा कामाला कामगाराची संमती लागते. पण हे सगळं कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापनाचं काम करणारे, आणि १८ हजारांपेक्षा जास्त पगारावर देखरेखीचं काम करणारे तिच्यात बसत नाहीत. आपल्याकडं ‘स्टाफ’ म्हटलं की ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, नाही असं सरसकट धरलं जातं, ते प्रत्येकाच्या बाबतीत बरोबर असतंच असं नाही. पद कुठलं यापेक्षा प्रत्यक्ष काम कुठलं यावर ते ठरतं. पगाराची स्लिप आणि नेमणुकीचं पत्र एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. मात्र साहेबांशी पहिलं बोलणं कलमं काढून करू नका. त्यानंतर तास कमी होत नाहीत, फक्त दारं बंद होतात.

आणि दोन-तीनदा आकड्यांनिशी बोलून, मेल टाकून, ऑडिट होऊन सहा महिने गेले तरी रिकाम्या खुर्च्या तशाच असतील, तर मालकांना त्या भरायच्याच नाहीत एवढं समजायचं. मग दुसरीकडं बघायला लागा, त्यात बेइमानी काही नाही. पीपॅप, सीएमएम हे मोजमापाचं मशीन आणि तक्रारी हाताळलेला माणूस शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही ठिकाणी लागतोच. हा औद्योगिक पट्टा मात्र लहान आहे, इथला क्वालिटी मॅनेजर तिथल्याला फोन लावूनच विचारतो, म्हणून जाताना नोटिशीचा पूर्ण काळ भरा, भांडून जाऊ नका. उघड्या तक्रारींची यादी लिहून द्या. अचूक मापाच्या ठोकळ्यांचा म्हणजे स्लिप गेजचा डबा आणि मास्टर गेज एकेक मोजून ताब्यात द्या आणि पोच घ्या. क्वालिटीवाल्यांच्या शेवटच्या पगाराची भांडणं बहुतेक वेळा त्या डब्यावरूनच होतात.